पडण्याचा सराव

"असं नाही," मी फरशीवरूनच म्हणालो. "आधी गॅस."

ती माझ्या डोक्याशी उशी घेऊन उभी होती. "गॅसचं मग बघू. मान अवघडेल तुमची."

"माझी मान राहू दे. मी पडलोय. मला शुद्ध नाही. आता तू काय करायचंस?"

"शुद्ध नाही, तर बोलताय कसे?"

माझ्या बायकोनं सगळी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली. समोरच्याला पेचात पकडायचं ती अजून विसरली नव्हती. बाकी पुष्कळ विसरली होती. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि भिंतीवर चिकटवलेला कागद तिला पुन्हा दाखवला. ठसठशीत अक्षरांत तीन ओळी होत्या. वर्गात वाचाव्यात तशा तिनं त्या खणखणीत आवाजात वाचल्या. "एक, गॅस बंद करणे. दोन, दाराची कडी काढणे. तीन, समोरचे दार वाजवणे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्षर छान आहे हो. कुणाचं?"

हा सराव सुरू करून तीन आठवडे झाले होते. त्याआधी मी एकदा खरोखरचा पडलो होतो. दूध तापत ठेवलं होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढंच आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा पातेलं जळून काळं ठिक्कर पडलेलं, खोलीभर धूर, आणि ती माझं डोकं मांडीवर घेऊन मला थोपटत होती. "झोपा," ती म्हणत होती, "आज सुट्टी आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कोण असतं?"

"बायको असते."

"मग ठीक. पुन्हा असं झालं तर त्यांनी ताबडतोब कुणाला तरी बोलवायला हवं. वेळ घालवायचा नाही."

मी मान हलवली. बायकोबद्दलचं पुढचं सांगायला हवं होतं. बाहेर रांग मोठी आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि उठलो.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचं एक पत्रक दाराच्या फटीतून आत आलं. संकटकाळासाठी घर कसं तयार ठेवावं, याच्या अकरा सूचना त्यात होत्या. मी चौतीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची बांधणी केली. छापलेल्या कागदावर माझा जरा जास्तच विश्वास आहे. पत्रकात विकत आणायला सांगितलेल्या वस्तू आमच्या पेन्शनीत बसण्यासारख्या नव्हत्या, पण आपल्या परीनं करायचं ठरवलं. तेलाचे रिकामे कॅन धुऊन त्यांत पिण्याचं पाणी भरलं. काड्यापेटी जॅमच्या बाटलीत घट्ट बंद केली. बांधणीच्या कापडाचे तुकडे माझ्याकडे पडून होते. त्यांची एक पिशवी मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवली, आणि तिच्यात आमची कागदपत्रं, औषधांची यादी, दोघांचे रक्तगट आणि तिचा जास्तीचा चष्मा घातला. पिशवी चांगली झाली. खरं सांगायचं तर इतकं नीटस काम माझ्या हातून निवृत्तीनंतर झालंच नव्हतं, आणि दोन दिवस मी तिच्याकडेच बघत बसलो होतो.

दहावी सूचना अशी होती, 'शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.' यादीत तेवढीच एक गोष्ट फुकट होती आणि तीच माझ्याकडून होईना.

आम्हाला मूलबाळ नाही. तिचं हे विसरणं सुरू झाल्याला तीन वर्षं होत आली होती, आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक अशा माणसाशी मोठ्यानं, सावकाश, तुटक तुटक बोलतात, तिच्याशी कुणी तसं बोललेलं मला चाललं नसतं. असं मी म्हणतो खरा. कदाचित कारण याहून साधं असेल. मला कुणाचं दार वाजवता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

दाराला आतून दोन कड्या होत्या. गेल्या वर्षी ती एकदा खाली उतरली आणि शेजारच्या इमारतीत, भलत्याच मजल्यावर, आमचं दार शोधत उभी राहिली. तेव्हापासून मी वरची कडी लावायला लागलो. तिचा हात तिथं पोचत नाही. पण आता मी पडलो तर ती माझ्यासकट आत कोंडली जाणार. वरची कडी लावावी तर माझी पंचाईत, काढावी तर तिची. यातून मला सुचलेला मार्ग म्हणजे हा सराव. वरची कडी काढून ठेवायची, मी पडायचं, तिनं खालची कडी काढून फक्त समोरचं दार वाजवायचं. पाच पावलं. त्यापुढे नाही.

समोर एक कंडक्टरबाई राहतात. बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा आवाज, आणि तोच घरीही. सहा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे जिन्यात त्यांनी "काय काका!" म्हणायचं आणि मी हसायचं. त्या दुपारी चारला कामावर असतात हे मला माहीत होतं, म्हणून सरावाची वेळ मी चारची ठेवली. बायकोनं दार वाजवलं तरी कुणी उघडणार नाही, कुणाला काही सांगावं लागणार नाही. आता वाटतं, असला सराव करणारा मीच.

तर त्या दिवशी मी पुन्हा फरशीवर आडवा झालो. डोळे मिटले. या खेपेला काही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरवलं.

"अहो," ती म्हणाली.

मी एक हात सैल सोडून दिला.

"अहो, ऐकलंत का?" तिचा आवाज बदलला. तिनं माझा खांदा हलवला. मग पावलं गॅसकडे गेली आणि बटण बंद झाल्याचा टक असा आवाज आला. माझा विश्वास बसेना. मग कडी सरकली. दार उघडलं. मी डोळे घट्ट मिटून पडलो होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, शाब्बास, आता पाच पावलं.

दार वाजल्याचं ऐकू आलं नाही. हळू वाजवलं असेल, मला वाटलं. उठून बघावं तर ती परत येईल आणि सगळं मुसळ केरात. म्हणून मी पडून राहिलो. एका पुस्तकाच्या कण्याला खळ लावून होईल एवढा वेळ तरी गेला असेल. फरशी गार होती. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं, ते मला आठवतं आणि अजून लाज वाटते.

उठलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि जिन्यात कुणी नव्हतं.

मी कठड्यावरून खाली वाकून हाक मारली. तीन मजले, खाली रस्ता, रस्त्याला दोन दिशा. त्या वेळी कंडक्टरबाई घरात नसतात हे ठाऊक असूनही मी त्यांच्या दारावर दोन्ही तळहात आपटले.

दार लगेच उघडलं. हातात ओला टॉवेल. "काका? अहो, केवढ्यानं! मला वाटलं छप्पर आलं खाली."

"तुम्ही घरी?"

"ड्युटी बदलली माझी. दोन महिने झाले की. सकाळची असते." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होतो. "काय झालंय?"

"ही बाहेर गेली," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो, पण त्या बघतच राहिल्या. "तिच्या लक्षात राहत नाही. तिला... तिला परत येता येत नाही."

तीन वर्षं जे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, ते एवढंसंच निघालं.

"ठाऊक आहे मला," त्या चपला शोधत म्हणाल्या. "काकू रोज खिडकीतून विचारतात, आज शाळेला सुट्टी आहे का? मी म्हणते, हो, आहे. खूश होतात बिचाऱ्या."

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?"

"बोलायचं कुणाशी? तुमचं दार बघितलं की वाटायचं, यांना नको असेल. चला, आधी खाली चला. कठड्याला धरून. तुम्ही पडलात तर मी एकटी कुणाकुणाला उचलू?"

कोपऱ्यावर सायकलवाल्याच्या दुकानापाशी सातआठ माणसं जमलेली दिसली. कंडक्टरबाईंनी लांबूनच आवाज दिला, "सरका, सरका जरा, मध्ये उभे राहू नका," आणि माणसं सवयीनं बाजूला झाली.

मध्ये ती उभी होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. सायकलवाल्याची बाही तिनं मुठीत धरली होती.

"बरं झालं आलात," सायकलवाला कंडक्टरबाईंना म्हणाला. हाताला ग्रीस असल्यामुळे तो हात लांब धरून उभा होता. "आजी म्हणतायत, मिस्टर पडलेत. कुठं, तर स्वयंपाकघरात. घर कुठं आहे म्हटलं, तर म्हणतात, स्वयंपाकघराच्या भोवती. आता मी जाऊ कुठं?"

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. तिनं प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहिलं, वर्गात उत्तर कोण देईल ते शोधावं तसं. मी पुढे झालो आणि तिची नजर माझ्यावर थांबली. सायकलवाल्याची बाही सोडून तिनं माझी धरली.

"भाऊ, तुम्ही तरी चला," ती म्हणाली. "आमचे हे पडलेत."

कंडक्टरबाई म्हणाल्या, "अहो काकू, हेच तर..." मी त्यांच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. त्या बाईंना मी गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"चला," मी तिला म्हणालो. "कुठल्या बाजूला?"

"तेच तर आठवत नाही हो."

"बघू सापडतं का."

मी चालू लागलो. तिनं बाही सोडली नाही. जिन्यापाशी मला दम लागला, तशी ती एका पायरीवर थांबली आणि मला घाई करू लागली.

"जरा लवकर चला ना. तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत नाही. फार भिडस्त आहेत. पडले तरी कुणाला हाक मारायचे नाहीत. तसेच पडून राहतील, कुणाला त्रास नको म्हणून."

"असं?" मी म्हणालो.

"पहिल्यापासून असेच. म्हणून तर मला यावं लागलं बाहेर."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. घरात शिरल्यावर ती तडक स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेलो. फरशी रिकामी होती. उशी तेवढी पडली होती. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचे खांदे सैल झाले.

"उठले वाटतं," ती म्हणाली. "उठले आणि गेले. बाई, किती घाबरले मी."

मागून कंडक्टरबाईंनी माझ्या पाठीवर बोट टोचलं. या खेपेला आवाज त्यांनी खाली आणला होता. "काका, जास्तीची किल्ली आहे ना? ती द्या मला. सकाळी जाताना आणि दुपारी आल्यावर दार वाजवीन. नाही उघडलंत तर सरळ आत येईन, मग ओरडायचं नाही. आतून कडी आता लावायचीच नाही, वरची नाही की खालची नाही. नुसतं लॅच."

"पण ही पुन्हा..."

"सायकलवाल्याला सांगते मी. त्यानं ओळखलंय आता. खाली दिसल्या तर स्टुलावर बसवून ठेवील, आणि मला फोन करील."

मी खुंटीवरची किल्ली काढून त्यांना दिली. आभार मानायला तोंड उघडलं, पण त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुम्हाला जमत नाही ते," आणि किल्ली मुठीत घेऊन समोर निघून गेल्या.

दार उघडंच राहिलं. बायकोनं बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली आणि सीट पदरानं पुसली. पाहुणे येतात तेव्हा त्या खुर्चीवर बसतात. आमच्याकडे पाहुणे येऊन बरीच वर्षं झाली.

"बसा ना, भाऊ," ती म्हणाली. "उगीच तुमची धावपळ झाली."

मी बसलो. तिनं मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मग आणखी एक ग्लास भरून आणला, त्यावर बशी झाकली आणि तो मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. स्वतः समोर बसून ती दाराकडे बघू लागली.

"फार वेळ नाही लागायचा त्यांना," ती म्हणाली. "काम संपलं की सरळ घरीच येतात."

"येऊ दे सावकाश," मी म्हणालो. "मला घाई नाही."