पुलाला चढलेलं विष

१९७४ सालची थंडी. मेढ्याजवळच्या आमच्या ओढ्यावर सारा गाव लोटला होता. दिवस उलटले तरी घट्ट न झालेल्या नव्या पुलाच्या कठड्याचा तुकडा हातोडीच्या घावानं निखळला आणि आतलं काँक्रीट निळंहिरवं निघालं. वर सडक्या अंड्यासारखा वास.

"इख चढलंय पुलाला!" देवऋषी नाथाजी घुमायला लागला. अंगारा फासून त्यानं तो तुकडा देवळापुढं ठेवला. काही दिवसांत तुकडा पांढराफटक पडला. लोकांनी लोटांगणं घातली.

"इख म्या काढलं. पर घालणारी हितंच हाय. ती गावाभाईर गेल्याबिगर पूल घट्ट व्हायचा न्हाई!"

त्याचं बोट ओढ्याकाठच्या हरणाबाईकडं वळलं. एकटी विधवा; बांधावरून नाथाजीशी तिचं भांडण. तिच्या छपरावर दगड पडू लागले. पाणवठ्यावर तिची घागर कुणीतरी फोडली.

मी गावचा मास्तर. माझं कुणी ऐकेना, तेव्हा सांगलीला सिमेंटवर संशोधन करणाऱ्या क्षमा लेले यांना बोलावून आणलं. त्यांनी सगळ्यांसमोर आणखी दोन तुकडे काढले. एक मेणात बुडवला, दुसरा अंगाऱ्याविना उघडा ठेवला. उघडा काही दिवसांत आपोआप पांढरा झाला. मेणातला फोडला, तो निळाच!

"या सिमेंटमध्ये लोखंडाच्या भट्टीतला मळ, म्हणजे स्लॅग, दळून घातलाय. त्यातल्या गंधकाचा हा रंग आणि वास. हवा लागली की उडतो."

"मग म्याडम, पूल घट्ट का व्हईना?" निवृत्त हवालदार लालासाहेबांनी विचारलं.

"थंडीत स्लॅगची पाण्याशी क्रिया फार सावकाश होते. ऊब किती, पाणी किती, स्लॅग किती, यावरून त्याचं गणित मांडता येतं. मी मांडलंय. शिमग्यापर्यंत होईल घट्ट."

"व्हईल की! हिला हाकलली की व्हईल," नाथाजी हसला.

"म्हणूनच ती इथं राहिली पाहिजे," क्षमाताईंचा आवाज चढला. "आज तिला हाकललंत, तर पूल आपसूक घट्ट होईल आणि तुम्ही म्हणाल, नाथाजीचं खरं. मग पुढच्या खेपेला कुणाचं घर?"

लालासाहेब उठले आणि काठी घेऊन हरणाबाईच्या दारात जाऊन बसले. शिमग्यापर्यंत रोज बसले. माणसं लांबून बघत उभी राहायची; त्यांच्या हातात दगड आहे की काय, ते दिसायचं नाही.

शिमग्याला पुलावर हातोडी मारली, ती ठणकन उडाली. नाथाजी केव्हाच गर्दीतून सटकला होता. लोक माफी मागायला हरणाबाईच्या दारात गेले.

"आन् घट्ट झाला नसता तर?" तिनं एवढंच विचारलं.



वाचकहो, गणितही कधी चुकतं, पूलही कधी बिघडतो. त्याचं कारण वाळूत शोधा, पाण्यात शोधा, सिमेंटात शोधा. एकट्या बाईच्या छपरावर दगड टाकून ते कधीच सापडणार नाही.