दुसरीच्या वर्गाची पुस्तकं

“याच्यात काही वजनच नाही,” असं म्हणत मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी मुंग्यांचं पुस्तक दोन बोटांत धरलं आणि टेबलावर सोडून दिलं. “एका पानावर एक ओळ, बाकी नुसतं चित्र. ललितभाई शेठ काय चित्रं बघायला पुस्तकं देऊ राहिले का?”

“दुसरीच्या पोराला एक ओळ पुरते, सर,” अंजनाबाई म्हणाल्या. “ती वाचली की पुढचं पान स्वतःहून उलटतं ते. तुमचं हे जाडजूड घेऊन काय करेल? उशाला घेऊन झोपेल.”

जळगावहून गठ्ठे घेऊन आलेल्या प्रमोद पुस्तकवाल्याला हसू आलं, ते त्याने चहाच्या कपात लपवलं. त्याला दोघांनाही माल विकायचा होता.

गुजरातमधल्या पर्वत पाटियाजवळच्या त्या मराठी शाळेत मुख्याध्यापक आणि दुसरीच्या वर्गाच्या बाई यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. शालिग्राम सरांच्या लेखी पुस्तक म्हणजे त्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात शोभणारी वस्तू. थोरामोठ्यांची चरित्रं, सामान्यज्ञान, पुठ्ठा बांधणी, सोनेरी अक्षरं. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात असे आणि तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरती बाहेर येई. अंजनाबाई भुसावळच्या, रेल्वेतल्या फिटरची लेक. तोंडाने इतक्या फटकळ, की शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी राही. त्या तिच्यावर पिशवी ठेवत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. त्यांच्या वर्गातली पोरं घरी अहिराणी बोलत, गल्लीत गुजराती, टीव्हीमुळे हिंदी. शाळेची मराठी त्यांना चौथी भाषा. पाठ्यपुस्तकाचे धडे त्यांना तोंडपाठ असत. पुस्तक उलटं धरलं तरी धडा घडाघडा म्हणून दाखवत. ऐकणाऱ्याला वाटे, काय वाचतंय पोर! अंजनाबाईंना ठाऊक होतं, एकालाही वाचता येत नाही. दुसरीत वाचता आलं नाही तर चौथीत पोर शाळा सोडतं आणि बापाच्या मागे कापडाच्या लूमवर कामाला जातं, हे त्या वर्षानुवर्षं बघत होत्या. शहरात आलेल्या प्लेगच्या साथीत घाबरून गावी पळालेली कुटुंबं परत आली तेव्हा कितीतरी पोरं शाळेत परतली नव्हती. उरलेल्यांना तरी वाचता यावं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

म्हणून त्या गठ्ठ्यातून एकेक पुस्तक उचलून डोळ्यांजवळ धरत आणि अर्धी बाजूला सारत. बागेत चेंडू खेळणारी, मोटारीतून फिरणारी गोरीगोमटी मुलं असली की बाजूला. शेवटी तात्पर्य असलं की बाजूला.

“तात्पर्याने काय घोडं मारलंय?” सरांनी विचारलं.

“पोरं गोष्ट सोडतात आणि तात्पर्य पाठ करतात. पाठ करण्यात आपली पोरं आधीच हुशार आहेत.”

उरली ती मुंग्यांची, विहिरीची, बसच्या चाकांची, अंड्यातून पिल्लू कसं येतं त्याची आणि पालीची. पालीचं पुस्तक पाहून सरांनी कपाळाला हात लावला.

“पाल? सरस्वतीच्या मंदिरात पाल?”

“मंदिराच्या भिंतीवर काय असतं मग, सर?”

“तुमच्यात पुस्तकांचं वेड फार, ते आम्हाला ठाऊक आहे,” सर म्हणाले.

“आमच्यात म्हणजे?”

सरांनी नजर पंख्याकडे वळवली. “म्हणजे तुमच्या घरात,” ते म्हणाले. अंजनाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की प्रमोदने घाईघाईने दुसरा गठ्ठा सोडला.

त्या गठ्ठ्यावरही बाईंनी खोट काढलीच. पुस्तकांना मधोमध पिना मारलेल्या होत्या. “या पिना इथल्या दमट हवेत गंजतात आणि पोरांच्या बोटात घुसतात. मला शिवलेली द्या, प्रमोद. दोऱ्याने.” प्रमोद हो म्हणाला. शेवटी जाड पुस्तकं सरांच्या कपाटाला आणि बारीक पुस्तकं दुसरीला, अशी वाटणी झाली. भांडणात जिंकल्यासारखं कोणालाच वाटलं नाही.

पुस्तकं आली. प्रमोदने शब्द पाळला होता. प्रत्येक पुस्तक मधोमध पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं, गाठ मारून दोऱ्याची टोकं बाहेर सोडलेली. अंजनाबाईंनी वर्गात खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधली आणि तिच्यावर पुस्तकं वाळत घातली. ज्याला जे हवं ते त्याने काढावं. पोरं आधी लांबून बघत राहिली. मग धनश्री नावाची एक किरकोळ पोरगी उठली, पालीचं पुस्तक काढून खाली बसली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला लागली. शेपटी या शब्दाला अडली, चित्राकडे बघितलं, आणि “शेपटी” म्हणाली. पाठ केलेलं नव्हतं ते. अंजनाबाईंना एकदम भरून आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्या मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडल्या.

शनिवारी त्यांनी निम्मी पुस्तकं घरी न्यायला दिली, उरलेली सुतळीवरच राहिली. सर दारातच उभे होते. “माकडाच्या हाती कोलीत देऊ राहिले तुम्ही. सोमवारी फक्त पुठ्ठे परत येतील.”

“आले तर मी बघेन.”

सोमवारी पुस्तकं परत आली. सगळी आली, एकही हरवलं नव्हतं, एकावरही तेलाचा डाग नव्हता. धनश्रीने पालीचं पुस्तक दोन्ही हातांनी बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी उचललं तर मधली पानं घसरून पायाशी पडली. त्यांनी दुसरं उचललं, त्याचीही पडली. मग विहीर, मग मुंग्या. प्रत्येकाच्या मधल्या गाठी अगदी मुळापासून कापलेल्या, कागदाला ओरखडासुद्धा नाही.

“हे कोणी केलं?” बाईंचा आवाज शेजारच्या वर्गात गेला.

धनश्री पुढे आली. तिला शाबासकीची अपेक्षा होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. “बाई, धागा लोंबत व्हता. मी कापी टाका. गल्लीमा समदासना बी मीच कापात. मना कडे कातर शे ना.”

“कापायला कोणी सांगितलं तुला?”

“मनी माय सांगस, धागा राह्यना ते शेठ माल परत करस.”

अंजनाबाई खुर्चीवर बसल्या. या पोरींच्या आया घरी साड्या आणत. भरतकामाच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापून साडी साफ करायची, हे घरोघरचं काम, आणि शाळा सुटली की पोरी छोट्या कातऱ्या घेऊन आईशेजारी बसत. लोंबता धागा दिसला की त्यांचा हात आपोआप चालतो. शिवलेली पुस्तकं हट्टाने मागताना बाईंना हे कसं सुचलं नाही, याचा त्यांना स्वतःचाच संताप आला.

त्याच दिवशी दुपारी ललितभाई देणगीचा फोटो काढून घ्यायला येणार होते. सरांना आयतंच मिळालं. त्यांनी शिपाई पाठवून धनश्रीच्या आईला, शोभाबाईला बोलावलं, धनश्रीला टेबलासमोर उभं केलं आणि सुटी पानं शेठजींच्या पुढ्यात पसरली. “बघा शेठ, तुमच्या देणगीचं काय झालं ते. गाढवाला गुळाची चव काय?”

ललितभाईंचा रिंग रोडवर साड्यांचा धंदा. त्यांनी चष्मा लावून कापलेली जागा निरखून पाहिली आणि खदाखदा हसले. “काम तो एकदम साफ छे, हों. मारे त्यां पण आवुं कटिंग नथी थतुं.”

शेठच्या दुकानातही असं काम होत नाही म्हटल्यावर सरही हसले. फोटोवाला हसला. धनश्रीला काही कळेना. तीही थोडी हसली. तेव्हाच शोभाबाईने पुढे होऊन फाडकन तिच्या मुस्काटात मारली.

“हात लावू नका तिला,” अंजनाबाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. शिवलेली पुस्तकं मी मागितली. तुमच्या पोरीने शिकवलेलं काम नीट केलंय.”

शोभाबाई त्यांच्यावर उलटली. “आते म्हनतस व्हय? चोपडी घर कोनी धाडी? आम्ही मांगेल नव्हती. तुम्हले पगार भेटस, बाई. मनी पोर धागा कापस तवय आमना घरमा चूल पेटस. तुमना चोपडीस्ना पायी तिले आठे चोरसारखं उभं करं.”

अंजनाबाईंच्या तोंडाचा पट्टा साऱ्या शाळेला माहीत होता. त्या दिवशी मात्र त्या टेबलावरची सुटी पानं गोळा करत राहिल्या. शोभाबाई खरं बोलत होती.

“चोपडी कबाटमां ज सारी,” उठताना ललितभाई म्हणाले. पुस्तकं कपाटातच बरी, विषय संपला. शाबूत राहिलेली पुस्तकं सरांनी सुतळीवरून उतरवून काचेमागे ठेवली, चित्रं बाहेरून दिसतील अशी. सुटी पानं त्यांनी रद्दीत घालायला सांगितली. ती अंजनाबाईंनी पिशवीत भरली तेव्हा सर म्हणाले, “न्या, न्या. जूनपासून तसाही तुम्हाला सातवीचा वर्ग देतोय. तिथे चित्रांची भानगड नाही.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. “सातवीतही कोणाला वाचता येत नाही.”

घरी त्यांनी तीन रविवार घालवून पानं जुळवली आणि कडेला खळ लावून चिकटवली. जूनपर्यंतचे दिवस त्यांच्या हातात होते. एका दुपारी मधल्या सुट्टीत, सर जेवायला गेल्यावर, त्यांनी धनश्रीला वर्गात थांबवलं आणि अंड्याचं पुस्तक तिच्यापुढे धरलं.

“घे.”

धनश्रीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“घे म्हणते ना. कोणी काही म्हणत नाही.”

पोरगी जागची हलली नाही. हात पाठीमागेच, आणि डोळे चित्रावर. अंजनाबाईंना रागवायचं होतं, पण कोणावर रागवावं ते त्यांना कळेना. त्यांनी स्वतःच पुस्तक उघडलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं.

“वाच मग. तशीच वाच.”

“कोंबडीनं... अंडं... घातलं,” धनश्रीने वाचलं. बरोबर वाचलं. मग ती थांबली आणि बाईंकडे बघू लागली.

“पुढे?”

“पान, बाई,” ती हळूच म्हणाली.

अंजनाबाईंनी पान उलटलं.