बाजूचा फोटो

वीस वर्षं मी हाडांचे एक्स-रे काढतेय. नव्या पोरींना पहिल्याच दिवशी बजावते, पेशंट रडो, ओरडो, शिव्या देवो, मांडीचा फोटो समोरून एक आणि बाजूने एक, दोन्ही झालेच पाहिजेत. आणि काल खुद्द माझ्या आईचा पाय खुब्याखाली मोडला, तेव्हा मी काय केलं? समोरून फोटो काढला. बाजूच्या फोटोसाठी पाय जरा उचलला तर ती अशी किंचाळली, की मी पाय सोडूनच दिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाजूने?"

"मांडी सरळच आहे तिची," मी ठोकून दिलं.

"तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच," म्हणून ते पुढे गेले.

आज सकाळी ऑपरेशनचा झगा घालायला मी तिच्यावरची चादर काढली. चांगला पाय सरळ पसरलेला होता, आणि त्याची वाळलेली मांडी मधोमध वर आलेली दिसत होती.

मांडीचं हाड कुणाचंच अगदी सरळ नसतं. त्याला पुढच्या अंगाने बाक असतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. आईसारख्या बुटक्या म्हाताऱ्या बायकांना तर कधीकधी फारच. समोरच्या फोटोत तो दिसत नाही. डॉक्टर हाडाच्या पोकळीतून थेट गुडघ्यापर्यंत सळई घालणार होते, आणि सळईचा बाक कारखान्यात ठरतो. हाड त्याहून वाकडं निघालं, तर सळईचं टोक गुडघ्याच्या वर हाड फोडून बाहेर येणार. मग आई पुन्हा उभी राहायची ती कधी?

शिपाई ट्रॉली घेऊन दारात आला. "चला, आजी."

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की तो दचकून मागे सरला.

डॉक्टर हात धुवायला निघाले होते. त्यांना वाटेतच गाठून मी सगळं सांगितलं. शरमेने माझे कान तापले.

"चांगल्या पायाचा काढते," मी म्हणाले. "दोन्हींचा बाक सारखाच असणार, आणि हा पाय दुखणार नाही."

"सळई चांगल्या पायात घालायचीय का? मोडक्याचा काढा. आणि तुम्हीच काढा."

सुई टोचून दुखणं थोडं कमी केलं होतं, तरी पाय उचलल्यावर आईने माझा दंड असा आवळला की नखं रुतली. ती ओरडत होती, मी रडत होते, पण या वेळी मी पाय सोडला नाही. फोटो पडद्यावर आला. हाड धनुष्यासारखं वाकलेलं होतं. डॉक्टरांनी काढून ठेवलेली सळई परत पाठवली, जास्त बाकाची मागवली आणि ऑपरेशन उद्यावर ढकललं.

मी आईजवळ बसले. कपाळावरचा घाम पुसून तिला सगळं खरं सांगितलं.

"मग कालच का नाही काढलास?"

"तू ओरडत होतीस गं."

"तुझ्या वेळेला दीड दिवस ओरडत होते मी," आई म्हणाली. "सुईण काय तुला आत ठेवून घरी गेली?"