आगराचं पाणी

"चला बाबा. तुमच्या पुस्तकानं आमच्या वयनीचं सगळं भात तरंगवलं!"

अंकुश मोटारसायकल चालू ठेवूनच दारात उभा होता. नागोरावांनी हातातला कप बशीत ठेवला. बोईसरच्या एका रसायन कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी नमुने तपासले होते. पण कुणी आवाज चढवला की आजही त्यांना आधी आपलीच चूक असावी असं वाटे.

आठ दिवसांपूर्वी अंकुशची भावजय बायडी कॉलनीत करवंदं विकायला आली होती. गेल्या साली रोपं विरळ उगवली, बियाण्यात पोचट दाणा फार होता, असं ती सहज म्हणाली. नागोराव घाईघाईनं आत गेले आणि शेतीची एक जुनी पुस्तिका घेऊन आले. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकावं, हलकं वर येतं ते काढावं, भरीव तळाला जातं ते पेरावं, असं त्यांनी वाचून दाखवलं. बायडी डोक्यावरची पाटी सावरत ऐकत राहिली.

"एकही दाणा बुडाला नाही?" पाड्याच्या चढावर त्यांनी मागून विचारलं.

"एक नाय. मी तर म्हणतो बरं झालं. दुकानातली बियाण्याची पिशवी आणा, असं दोन वर्षं सांगतोय. आता तरी ऐकेल."

बायडीला ऐकायचं नव्हतं ते का, हे नागोरावांना तिनंच त्या दिवशी सांगितलं होतं. ते तांबडं भात तिच्या आईकडचं. पाड्यात आता दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. दोन पायल्या बियाणं होतं, ते गेलं की संपलं.

अंगणात बायडी पिंपाशी उभी होती आणि तिचा नवरा सुका ओट्यावर बसून होता. पिंपात भाताचा तांबूस थर साईसारखा पसरला होता.

"या. बघा तुमची करणी," बायडी म्हणाली. "कोंबड्यांना घालू का आता?"

"थांबा, थांबा." नागोरावांनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. कटकन आवाज झाला. दुसरा चावला, तोही भरीव. मग असला दाणा वर का? त्यांनी हातानं थर खाली दाबला. हात काढताच दाणे पुन्हा वर आले, जणू खाली जागाच नव्हती. पुस्तिका चुकली? की आपणच उलटं वाचलं? भीती होतीच, पण तिच्या आड जुनी प्रयोगशाळेतली खाज जागी झाली होती. पाण्यात काय असेल, म्हणून त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचं तोंडच वाकडं झालं.

"मीठ किती टाकलंत हो?"

"मीठ कशाला टाकू?" बायडी म्हणाली. "तुमीच म्हणालात ना, मिठाचं पाणी. हे माकुणसारच्या बाजूला आगरावर कामाला होते. येताना तिथलंच पाणी आणलं, दोन कॅन. त्याच्यापरीस मिठाचं पाणी कुठलं?"

नागोरावांनी पिंपात पुन्हा वाकून पाहिलं. मिठागरातलं पाणी! उन्हानं आटून आटून मीठ धरायला आलेलं. ओट्यावरून सुका हळूच म्हणाला, "आगरात कैरी टाकली तर वरच राहते. घरी हंड्यात टाकली का तळाला जाते. मला वाटलं, कैरीचंच तसं आसल."

"कैरीचं नाही, पाण्याचं!" नागोराव इतक्या मोठ्यानं बोलले की त्यांचे तेच दचकले. "म्हणजे... मला वाटतं. दाणा पाण्यात शिरतो तेव्हा स्वतःएवढं पाणी बाजूला सारतो. तेवढं पाणी दाण्याहून हलकं असलं तर दाणा बुडतो. जड असलं तर पाणीच त्याला वर उचलतं. साध्या पाण्यात पोचटही काही बुडतात, म्हणून थोडं मीठ घालायचं. तुमच्या या पाण्यात इतकं मीठ आहे, की भरलेला दाणाही त्याच्यापुढे हलका."

"थोडं म्हणजे किती?"

"दहा लिटरला तीनशे ग्रॅम. पुस्तिकेत लिहिलंय." ते खाली बघू लागले. "मी वाचलं नाही. तुमच्या डोक्यावर पाटी होती. वाटलं, उगाच शिकवत बसलोय."

"एवढं वाचता नि माप तेवढं पोटात ठेवलं?" बायडी म्हणाली. अंकुश खो खो हसला. मग तिनं बादली पुढे सरकवली. "किती घालू ते सांगा."

नागोरावांनी बोटांवर हिशेब केला, मोडला, पुन्हा केला. आगराच्या लिटरभर पाण्यात तीनेकशे ग्रॅम मीठ असावं. "दहा तांबे विहिरीचं पाणी, त्यात हे एक तांब्या. आणि आधी मूठभरच टाका. मी चुकत असेन."

बायडीनं मूठभर भात बादलीत सोडलं आणि ढवळलं. काही दाणे पृष्ठभागावर गोल फिरत राहिले. बाकीचे भराभर खाली गेले. चौघंही बादलीवर वाकले होते.

वर राहिलेला एक दाणा बायडीनं चावला. "पोचट," ती म्हणाली आणि थुंकली.

पण आता नागोरावांना दुसरीच धास्ती. "किती वेळ होतं त्या कडक पाण्यात?"

"सकाळपासनं."

"मीठ आत शिरलं असेल तर कोंब धरणार नाही. आताच सगळं या बादलीतून निवडा आणि दोन पाण्यांनी धुवा. शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा, बाकीचं सावलीत वाळवा."

"नाय उगवलं तर सोमवारी पिशवी," अंकुश म्हणाला. बायडी पिंपातलं भात ओंजळीनं उपसू लागली. "बरं," ती म्हणाली.

सोमवारी नागोराव कुणी बोलवायची वाट न बघता टमटमनं पाड्यावर पोचले. अंकुश निघायच्या तयारीत होता, मोटारसायकलवर रिकामी गोणी बांधलेली. बायडीनं फडकं ओट्यावर ठेवलं, पण गाठ सोडेना.

"तुमी सोडा, बाबा."

गाठ ओलीनं घट्ट बसली होती. सुटली तेव्हा आतून उबट वास आला. तांबड्या दाण्यांच्या टोकांना पांढरे कोंब फुटले होते. सगळ्यांना नाही. बायडी मांडी घालून बसली आणि नखानं कोंबाचे दहा-दहा दाणे बाजूला सारू लागली. नागोराव ओठातल्या ओठात तिच्याबरोबर मोजत होते.

"एकोणऐंशी."

"पुस्तिकेत ऐंशी तरी हवेत असं..." नागोराव चाचरले.

बायडीनं एक बिनकोंबाचा दाणा उचलून उजेडात धरला, नखानं टोकरला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नेला. टोकाशी सुईच्या अग्राएवढा पांढरा ठिपका दिसत होता.

"हा उद्या येईल," ती म्हणाली. "अंकुश, गोणी सोड ती. हे भात तिच्यात भरून राबात पेरायला न्यायला लागंल."