डहाळीचा घोडा

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी बंदूक आहे आणि सध्या मी भयंकर वैतागलेली आहे.

बव्हेरियाच्या डोंगरात मी घडले. अक्रोडाचा दस्ता, लांब नळी आणि चकमकीचा घोडा. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी नळीजवळच्या उघड्या वाटीतल्या दारूत पडायची, मग बार उडायचा. पण घोडं पेंड खायचं ते पावसात. दारू भिजायची आणि माझा मालक, वनरक्षक इग्नाझ, हात चोळत बसायचा.

"तुझ्यापेक्षा माझी सासू बरी, ती वेळेवर भडकते तरी!" तो म्हणायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी गावातल्या कोर्बिनियन कारागिराने माझी चकमक आणि वाटी काढली, स्क्रूंची भोकं बुजवली आणि स्फोटक भरलेल्या, पावसात न भिजणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोपीवर आपटणारा नवा घोडा बसवला. मग भर पावसात, पहिल्याच बाराला, मी मोठं नर हरीण पाडलं! आमच्याकडे मेलेल्या जनावराच्या तोंडात शिकारी हिरवी डहाळी ठेवतो, शेवटचा घास म्हणून. इग्नाझने ती ठेवली. कोर्बिनियनने तशीच डहाळी माझ्या नव्या घोड्यावर कोरली. तीस वर्षं इग्नाझचा अंगठा तिच्यावरून फिरला आणि ती गुळगुळीत झाली.

पुढे मी भिंतीवर लटकले. धूळ खात पडले, पण तक्रार केली नाही. यंदा मात्र इग्नाझच्या खापरपणतूला, विन्झेन्झला, माझी लाज वाटू लागली.

"हिला पुन्हा चकमक बसवतो, आत्या. हा घोडा म्हणजे नुसतं ठिगळ. जाणकार हसतात."

"हसू देत मेल्यांना!" वाल्बुर्गा आत्या कडाडली. "तुझ्या जाणकारांनी कधी पावसात हरीण पाडलंय का? इग्नाझआजोबांचा हात आहे रे त्यावर."

"आजोबांना कोण ओळखतं आता?"

त्याने ऐकलं नाही. डहाळीचा घोडा काढला आणि गेल्या महिन्यात घडवलेली चकमक मुद्दाम गंजवून माझ्या अंगावर बसवली. शिकाऱ्यांच्या मेळाव्यात लोक माना डोलावत म्हणाले, "वा! दोनशे वर्षांत हिला कुणी हात लावलेला नाही!" मला ओरडावंसं वाटलं, पण बार उडवायला मला आता टोपीसुद्धा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. त्यांचं आयुष्य पुसू नका.

माझा खरा घोडा कपाटात, बिस्किटांच्या डब्यात पडून आहे. मेळाव्याहून परतल्यावर आत्याने तो डबा उघडला, घोड्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि त्याच्याजवळ एक हिरवी डहाळी ठेवली.