लाँग संडेच्या मागची बोट

नऊ हिवाळे लायलने आपला नांगर एकाच बोटीच्या मागे टाकला. पुढे रॉस आणि मॅक्सीनची 'लाँग संडे', मागे त्याची 'विलो'. मेक्सिकोतल्या ला पाझच्या बंदरात असो, नाहीतर वर बेटांच्या आडोशाला, दोन बोटींमधलं अंतर दगड मारला तर पोचेल एवढंच. बंदरातले लोक लायलला 'संडेचं शेपूट' म्हणायचे, तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. शेपटाला निदान वाट शोधावी लागत नाही, असं तोच म्हणायचा.

लायल कॅनडातल्या सस्कॅचेवानचा. जिकडे बघावं तिकडे गहू आणि वर आभाळ, असा तो मुलूख. धान्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर 'राहून गेलं' म्हणायचा, पत्र पेटीत टाकायचं राहून जावं तसं. बासष्टाव्या वर्षी, उभ्या जन्मात दोनदा समुद्र पाहिलेल्या या माणसाने मेक्सिकोत उभी असलेली एक जुनी तीस फुटी शिडाची बोट विकत घेतली, आणि दर ऑक्टोबरात घरच्या बर्फाला पाठ दाखवून तो तिच्यावर राहायला येऊ लागला.

पहिल्याच हिवाळ्यात रॉसचं इंजिन बंद पडलं. लायलने ते अर्ध्या दिवसात चालू केलं. मॅक्सीनने त्याला जेवायला ठेवून घेतलं. ते जेवण नऊ वर्षं चाललं.

रॉस अमेरिकेतल्या ऑरेगनचा, शाळेत लाकूडकाम शिकवायचा. बोलघेवडा. मॅक्सीन नर्स होती. वारा, भरती-ओहोटी, पाण्याचा साठा, सगळं तिच्या वहीत. कुठल्या दिवशी निघायचं, कुठल्या खाडीत थांबायचं, ते ती ठरवायची. लायल नांगर उचलायचा आणि मागोमाग जायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी तिघं लाँग संडेवर माशांचा रस्सा खात बसले होते. ऊन उतरलं होतं. मॅक्सीनने दुसऱ्यांदा वाढलं, डाव भांड्यात ठेवला आणि म्हणाली, "लायल, आम्ही बोट विकतोय."

"माझा खुबा ऐकत नाही रे आता," रॉस घाईघाईने म्हणाला. "परवा होडीतून वर चढताना हिने मला पोत्यासारखं ओढून घेतलं. तू बघत होतास ना?"

"बघत होतो."

"मग हसलास कशाला?"

"पोतंच दिसत होतास."

तिघंही हसले. हसणं संपल्यावर लायलने विचारलं, "विकतोय म्हणजे? गिऱ्हाईक बघताय?"

"विकली," मॅक्सीन म्हणाली. "कोलोरॅडोचं एक तरुण जोडपं आहे. शुक्रवारी येतात. शनिवारी दुपारी बाराचं आमचं विमान."

"या शनिवारी?"

"या शनिवारी."

लायलने पावाने ताटली पुसून घेतली. "ठरलं कधी?"

रॉसने बायकोकडे बघितलं. "बोलणं नोव्हेंबरपासून चाललं होतं," ती म्हणाली. "जमतंय की नाही कळत नव्हतं. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला, म्हणून..."

"बरं झालं," लायल म्हणाला. "खुब्याच्या दृष्टीने बरंच झालं."

जेवणाबद्दल आभार मानून तो आपल्या होडीत उतरला आणि वल्ही मारत विलोवर आला. राग तिथे आला नव्हता. राग आला तो इथे, पायातले बूट काढताना. नोव्हेंबरात त्याने लाँग संडेच्या इंजिनाचा पाण्याचा पंप उतरवून नवा बसवला होता. तीन दिवस तो त्या खबदाडात दुमडून पडला होता. पाठ आठवडाभर धरली होती. म्हणजे ते सगळं कोलोरॅडोच्या गिऱ्हाइकासाठी होतं! विकायची होती तर विका. पण रोज संध्याकाळी समोर बसून, रोज पत्ते पिसून, दोन महिने एक शब्द नाही?

सोमवारी फटफटल्याबरोबर त्याने नांगर उचलला. साखळीचा खडखडाट साऱ्या बंदराला ऐकू जाण्यासारखा होता. तो लाँग संडेला वळसा घालून खाडीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच रेडिओ बोलायला लागला.

"विलो, विलो, लाँग संडे." रॉसचा झोपेतला आवाज. "अरे ए शेपटा, निघालास कुठे? उत्तरेचा वारा येतोय उद्यापासून, ऐकलं नाहीस का?"

लायलने हात पुढे केला आणि आवाज बारीक केला. बंद नाही केला. बारीक केला.

दिवसभर इंजिनावर जाऊन तिन्हीसांजेला तो सॅन फ्रान्सिस्को बेटाला पोचला. घोड्याच्या नालेसारखी वळलेली खाडी, उत्तरेला उघडे डोंगर, खाली पांढरी वाळू. इथे ते दर वर्षी यायचे. खाडीत दुसरी एकही बोट नव्हती. नांगर कुठे टाकावा हे त्याला सुचेना. इतकी वर्षं लाँग संडे थांबायची, की तिच्या मागे टाकायचा. त्याने खाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी, अंधार पडायला लागला म्हणून, होता तिथेच टाकला.

मंगळवारी वारा आला. उत्तरेचा वारा आला की डोंगरावरून खाली कोसळतो, पाण्यावर काळे पट्टे ओढत जातो, आणि डोलकाठीवरच्या दोऱ्या दिवसरात्र एकाच सुरात रडत राहतात. मधल्या डोंगरांमुळे रेडिओवर ला पाझ ऐकू येत नव्हतं. लायलने लापशी शिजवली, खाल्ली, भांडं धुतलं. दहा वाजले होते. दिवस केवढा लांब असतो हे त्याला नव्याने कळत होतं.

बुधवारी दुपारी नांगर घसरला. समोरचा खडक मघाशी डाव्या हाताला होता, आता नाकासमोर आला होता. एरवी अशा वेळी रॉस ओरडायचा, मॅक्सीन खुणा करायची, आणि लायल त्यांच्या आरडाओरड्याला शिव्या देत काम करायचा. आता तो सुकाणूवरून पुढे पळाला, साखळी थोडी ओढली, परत सुकाणूकडे पळाला, इंजिनाला थोडं पुढे रेटलं, पुन्हा साखळी. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी किती फेऱ्या मारल्या ते त्याने मोजलं नाही. तासाभराने नांगर नव्या जागी रुतला. तळहाताची साल गेली होती.

"धरला!" तो मोठ्याने म्हणाला आणि सवयीने समोर, लाँग संडेच्या जागेकडे बघितलं. तिथे नुसतं फेसाळलेलं पाणी होतं.

मग मात्र त्याला बसवेना. रागाला निदान समोर माणूस लागतं. इथे कुणी नव्हतं, आणि राग हळूहळू शिळा होत चालला होता. तो मनात रॉसशी भांडायचा. भांडता भांडता मध्येच नांगर कसा घसरला ते त्याला सांगायला लागायचा.

गुरुवारी एक मासेमार आपली उघडी होडी घेऊन आडोशाला आला. एउसेबियो त्याचं नाव. वरच्या वस्तीवरचा, दर वर्षी भेटणारा. मॅक्सीनने एकदा त्याच्या अंगठ्यातला गळ काढला होता. त्याने दोन लाल मासे विलोवर टाकले, लायलने दिलेली कॉफी घेतली आणि खाडीभर नजर फिरवली. लायलला मोडकंतोडकं स्पॅनिश येत होतं.

"दुसरी बोट कुठे?"

"ला पाझला."

"भांडलात?"

"नाही. ते घरी चाललेत. कायमचे."

"कधी?"

"शनिवारी."

एउसेबियोने कॉफीचा कप खाली ठेवला. "मग तू इथे काय करतोयस?" तो म्हणाला. चिडवायचं म्हणून नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

लायलने दोन्ही मासे उचलून बादलीत टाकले. त्याला तरी कुठे कळलं होतं!

शुक्रवारी निघायचं त्याने ठरवलं, पण खाडीच्या तोंडाशी जाऊन बघितलं तर बाहेर समुद्र डोक्याएवढा उठत होता. तो परत फिरला. शनिवारी वारा तसाच होता, थोडा कमी असेल-नसेल. पहाटे साडेसहाला त्याने छोटं शीड लावलं आणि निघाला. लाटा मागून येत होत्या. प्रत्येक लाट विलोचं बूड उचलायची, बाजूला फेकायची. नऊ तास तो सुकाणू धरून उभा होता. बारा वाजता विमान उडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि बारा वाजता तो निम्म्या वाटेवर होता. विमानं उशिरा सुटतात, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

दुपारी चारच्या सुमारास तो ला पाझच्या खाडीत शिरला. लाँग संडे आपल्या जागी होती. डेकवर एक उंच मुलगा उभा होता आणि लाल टोपी घातलेली एक मुलगी दोरीवर टॉवेल वाळत घालत होती. मॅक्सीन तिथे कधी टॉवेल घालत नसे. तिथले कपडे वाऱ्याने हमखास पाण्यात जातात.

तिच्या मागची जागा मोकळी होती. लायल तिथपर्यंत गेला, इंजिन मंद केलं, आणि पुन्हा पुढे गेला. पार पलीकडे, वाळूच्या दांड्याजवळ, जिथे कुणी थांबत नाही, तिथे त्याने नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ म्हणाला, "विलो, विलो, लाँग संडे."

बाईचा आवाज, तरुण. पहिल्यांदा लायलने तसंच जाऊ दिलं. दुसऱ्यांदा रेडिओचा माइक उचलला.

"विलो बोलतोय."

"तुम्ही लायल ना? मी नोएल. आम्ही... ही बोट आम्ही घेतली. माफ करा हं, पण इथलं संडास तुंबलंय. कागदावर लिहिलंय, लायलला विचारा."

कागद म्हणजे मॅक्सीनच्या अक्षरातली तीन पानं होती. नोएलने ती स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवून ठेवली होती. गॅसची तोटी कशी बंद करायची, कुठलं झाकण जोराने ओढायचं नाही. पाच-सहा ठिकाणी शेवटी तेच, 'नाही जमलं तर लायलला विचारा.' लायलने तिन्ही पानं उलटून मागची बाजूही बघितली. कोरी होती.

तो संडासाच्या पंपापाशी गुडघे टेकून बसला. तिचा नवरा ग्रेडी विजेरी धरून उभा राहिला.

"डावीकडे दोनदा, मग जोरात उजवीकडे," लायल म्हणाला. "रॉसला हे नऊ वर्षांत जमलं नाही."

"फार छान माणूस," ग्रेडी म्हणाला. "काल जायच्या आधी दोन तास डेकवर दुर्बीण घेऊन बसले होते. मी विचारलं, कुणाची वाट बघताय का? तर म्हणाले, नाही रे, वारा बघतोय. टॅक्सी किनाऱ्यावर येऊन उभी राहिली तरी उठेनात. शेवटी बाईंनी ओरडून उठवलं."

लायलने स्क्रू पिळला. एकदा, आणि गरज नसताना आणखी एकदा.

"पाणी सोडून बघ," तो म्हणाला.

पाणी नीट गेलं. नोएल म्हणाली, जेवायलाच थांबा ना. तो म्हणाला, आज नको, काम आहे. टॉवेल दुसऱ्या बाजूला घाला एवढं मात्र त्याने निघताना सांगितलं.

काम काही नव्हतं. तो किनाऱ्यावर गेला, समुद्राकाठच्या बाकावर बसला आणि फोन लावला. मॅक्सीनने उचलला. ती म्हणाली, "थांब, त्याला देते," आणि त्याने ऐकलं की ती नाक ओढत चालत गेली.

"काय रे," रॉस म्हणाला.

"काय."

"वारा कसा होता?"

"पाच दिवस. घाण."

"नांगर?"

"बुधवारी घसरला. परत टाकला."

"एकट्याने?"

"मग काय एउसेबियो आला होता?"

रॉस हसला, पण हसणं अर्ध्यात थांबलं. फोनच्या पलीकडे कुठेतरी पागोळ्या गळत होत्या.

"मी काल चारला आलो," लायल म्हणाला.

"चारला."

"बाहेर समुद्र फार होता रे."

"असणारच," रॉस म्हणाला. "तुला नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. ती रोज म्हणायची, आज सांग. मी म्हणायचो, उद्या."

"पंप बसवला तेव्हा तरी सांगायचंस. निदान जुनाच बसवला असता."

"हलकटा!" रॉस म्हणाला. फोन ठेवल्यावर लायल बराच वेळ बाकावरच बसून होता. एक बाई गाडीवर नारळाचं आइस्क्रीम विकत होती. तिने दोनदा विचारलं, तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं.

मार्चमध्ये ग्रेडी आणि नोएल पलीकडच्या किनाऱ्याला निघाले. येता का बरोबर, असं त्यांनी मनापासून विचारलं. लायल म्हणाला, बघू, आणि गेला नाही. तो एकटाच वर बेटांकडे गेला आणि तीन आठवडे राहिला. कधी कधी दोन-दोन दिवस बोलणं होत नसे, मग एखादा मासेमार हाक मारायचा तेव्हा घसा आधी खाकरून घ्यावा लागे. एप्रिलमध्ये लायल घरी परतला आणि त्याच महिन्यात रॉसचा खुबा बदलला. सुरुवातीला फोन दर रविवारी व्हायचा. पुढे पंधरवड्याने व्हायला लागला, कारण एकाकडे पाऊस आणि दुसऱ्याकडे गहू, सांगणार तरी किती.

ऑक्टोबरात लायल परत आला. गोदीतल्या माणसाने विलोला पाण्यात सोडलं, दोर त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "यंदा कुठे?"

लायल दोर धरून उभा राहिला. उत्तरेला बेटं होती, दक्षिणेला उघडा समुद्र. "अजून ठरवलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.