आठ एमबीची पायरी

ताईंच्या धाकट्या भावाने पुरवलेले चाळीस संगणक कार्यालयात येऊन पडले, आणि त्यातल्या हलक्या प्रोसेसरवर भारी प्रोसेसरचे खोटे छाप मारलेत अशी कुणकुण साहेबांच्या कानावर गेली.

"दुकान तुमच्या भावाचं, शिफारस तुमची. तासाभरात खात्री करा, नाहीतर सगळा माल परत. पुन्हा त्याला दारात उभं करणार नाही," साहेब म्हणाले. संगणक विभागात वीस वर्षं काढलेल्या ताईंनी त्यातल्या एका संगणकासमोर खुर्ची ओढली.

कॅशे आठ एमबी, असं स्क्रीन सांगत होती. पण स्क्रीनचं काय, पढवाल ते बोलते. ताईंचा विश्वास घड्याळावर. प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या या छोट्या स्मृतीत, म्हणजे कॅशेत, मावेल तेवढी माहिती झटपट वाचून होते. ती ओसंडली की वेळ एकदम पायरी चढतो. ताई माहितीचा ढीग वाढवत गेल्या. माल पोचवायला आलेला भाऊ मागे उभा होता. दोन एमबी, तीन, चार. चारच्या पुढे वेळेचे आकडे उसळले.

पुन्हा मोजलं. पुन्हा चारच.

"तोंडाला काळं फासायला तुला मीच सापडले का रे?"

"ताई, अगं ऐक तरी..."

"मोजलंय मी. सारवासारव नको."

भाऊ गप्प झाला. हट्टीपणात तोही ताईंचाच भाऊ.

माल परतीचं पत्र लिहायला घेतलं, तर संगणक रखडत चाललेला. ताईंनी चालू कामांची यादी उघडली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. सकाळी त्यांनीच लावलेली, संगणकाला मुद्दाम राबवून पाहणारी ताण-चाचणी मागे अजून चालूच होती. कॅशे सगळ्यांची सामाईक. एका फडताळात दोन जावांचे डबे, मग एकीला अर्धीच जागा मिळणार. आणि ही बाई हे दुसऱ्यांना शिकवते!

चाचणी बंद करून त्यांनी पुन्हा मोजलं. चार. पाच. सहा. सात. आठ ओलांडल्यावर पायरी आली.

ताईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मान शरमेने खाली गेली. "माझीच चूक रे. तू बोलला का नाहीस?"

"विचारलंस कुठे? निकाल देऊन मोकळी झालीस."

ताईंनी पोचपावतीवर सही केली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली.

"येतो, मॅडम," तो म्हणाला.

एरवी साहेबांसमोरच तो त्यांना मॅडम म्हणायचा. साहेब आले असतील, म्हणून ताईंनी चटकन दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.